पातेलं उतरवून बघावं लागतं

रेशन कार्डाच्या कामाला आईचा फोटो पाहिजे होता. मी बेळगावात शहापूरला एका प्रेसमध्ये डीटीपी करतो, त्यामुळं घरच्यांच्या फोटोसाठी स्टुडिओला पैसे द्यायची आमच्यात पद्धत नाही. येळ्ळूरहून येताना आईला बरोबर आणलं, प्रेसच्या पांढऱ्या भिंतीला उभं केलं, मोबाइलवर फोटो काढला आणि कॉम्प्युटरवर घेतला. श्रावणातला दिवस, बाहेर अंधारून आलेलं, उजेड एकाच खिडकीतून. फोटो मोठा केल्यावर गळ्याच्या डाव्या बाजूला, डोरल्याच्या जरा वर, सावली दिसली. नवरानवरीच्या फोटोंवरच्या असल्या सावल्या मी रोज पुसतो. क्लोनचं टूल घेतलं, शेजारची कातडी उचलली, सावलीवर ठेवणार एवढ्यात लक्षात आलं की ह्या सावलीला गोल कड आहे.

“काय बघूलास एवढं?” आईनं विचारलं.

उठून तिच्या गळ्याला बोट लावलं. सुपारीएवढं काहीतरी कातडीखाली सरकलं.

“ते व्हय? ते हाय की कवापासनं. दुखत न्हाई, खुपत न्हाई.”

फोटो न पुसता तसाच दिला. रेशन कार्डाला तो चालला, कुणी काही विचारलं नाही. पण त्या दिवसापासून पुढचे पाच महिने, ज्या कामावर मी पोट भरतो त्याच कामात आपण किती कच्चे आहोत ते मला कळत गेलं. मराठी श्रीलिपी सॉफ्टवेअरमध्ये, कन्नड नुडी सॉफ्टवेअरमध्ये आणि त्याच्या जोडीला इंग्रजी, असा तीन भाषांचा मजकूर मी दिवसभर लावतो. एका पानाच्या रिपोर्टनं मला आडवं पाडलं.

प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई विजापूरकडच्या. त्यांना मराठी कळतं पण बोलताना अडखळतात. आईला कन्नड येतं ते भाजीचा भाव करण्यापुरतं. मध्ये मी. त्यांनी आईला पेलाभर पाणी दिलं, एक घोट तोंडात धरायला लावला आणि ‘आता गिळा’ म्हणून समोर वाकून गळ्याकडं बघत राहिल्या. घोट खाली गेला तशी ती सुपारी वर उचलली गेली आणि परत जाग्यावर बसली. आईला पाणी पिताना मी जन्मभर बघत आलोय, हे कधी दिसलं नव्हतं.

“गंटलदाग गंट ऐती,” त्या म्हणाल्या. “हेदरब्याड्री, अव्वा.”

गंटलु म्हणजे घसा, गंटु म्हणजे गाठ. घशात गाठ आहे, घाबरू नका. आईला त्यातलं ‘घंटा’ एवढंच ऐकू आलं आणि ती माझ्याकडं बघायला लागली.

ते पाणी पाजणं कशासाठी होतं, तर थायरॉईड ग्रंथी श्वासनळीला धरून असते. गिळताना नळी वर उचलली जाते, तिच्याबरोबर थायरॉईड आणि तिच्यातली गाठही. मानेच्या बाजूला येणाऱ्या गाठी अशा वरखाली होत नाहीत. आमच्या गल्लीतली काकू बघताक्षणी ‘गंडमाळ’ म्हणून मोकळी झाली होती. गंडमाळ म्हणजे मानेतल्या गाठींचा क्षय. थायरॉईडची सूज म्हणजे गलगंड. दोन्ही गळ्याशी, दोन्हींत ‘गंड’, आणि दुखणी एकमेकांना ओळखत नाहीत. एका घोटानं पुष्कळसा उलगडा झाला.

‘तिला थायरॉईड झालाय’ असं आपण सगळेच म्हणतो. त्यावर डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या, थायरॉईड तर तुम्हालाही आहे, मलाही आहे. ‘मला किडनी झालीय’ म्हणता का कधी? ती फुलपाखराच्या आकाराची ग्रंथी, गळ्याच्या तळाशी, दोन पंख दोन बाजूंना. शरीराचा वेग ती ठरवते: कुणाला थंडी जास्त वाजते, कुणाचं काळीज धडधडतं, कुणाचं वजन उगीच वाढतं, ह्यात तिचा हात असू शकतो.

रक्ताच्या रिपोर्टात टीएसएच २.३ आला. हा आकडा थायरॉईडनं केलेल्या कामाचा नव्हे. मेंदूच्या बुडाशी पिट्युटरी नावाची ग्रंथी आहे, ती थायरॉईडला कामाला लावायला जी हाक मारते, त्या हाकेचा हा आकडा. आमचे मालक बघा. मी वेळेत पानं लावली की ते हळू बोलतात, काम तुंबलं की त्यांचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत जातो. तसंच हे. थायरॉईड आळसावली की टीएसएच चढतो, जास्त जोरात चालायला लागली की उतरतो. ०.४ ते ४ च्या आसपासचा आकडा बहुतेक लॅबवाले ठीक धरतात. म्हणजे आईचे मालक हळू बोलत होते. मला वाटलं सुटलो. पण ग्रंथी काम नीट करते ही एक गोष्ट आणि तिच्यात गाठ आहे ही दुसरी. पहिली ठीक आहे म्हणून दुसरीकडं काणाडोळा करता येत नाही. सोनोग्राफी लिहून दिली.

ती शहरातल्या एका सेंटरमध्ये झाली. तिथं कुणी काही सांगितलं नाही. पाकीट हातात दिलं, ‘डॉक्टरना दाखवा’ म्हणाले. बरोबरच आहे म्हणा. पण पाकीट उघडं होतं आणि येळ्ळूरच्या बसला वेळ होता.

उजवा पंख ‘अनरिमार्केबल’. डाव्या पंखात २.४ बाय १.८ सेंटिमीटरची ‘सॉलिड, हायपोएकोइक’ गाठ. ‘टायरॅड्स ४’. आणि शेवटच्या ओळीत ‘आर-ओ मॅलिग्नन्सी’.

माझं वाचन असं झालं: अनरिमार्केबल, म्हणजे उजवीकडचं त्यांना नीट दिसलेलं नाही. चार, म्हणजे चौथी स्टेज. मॅलिग्नन्सी म्हणजे कॅन्सर, एवढं इंग्रजी येतं. मधल्या ‘आर-ओ’कडं लक्षच गेलं नाही, आर-ओ मला पाण्याच्या फिल्टरवरचा ठाऊक. निपाणीच्या दाजींना बाजूला जाऊन फोन लावला. ते म्हणाले, चौथी असली तर थांबू नका, मिरजेला घेऊन जा. आमच्याकडं दुखणं मोठं झालं की मिरजेचं नाव निघतं, आजोबांच्या वेळेपासूनचं आहे ते. परत येऊन बसलो तर आई खिडकीशी भाजलेल्या शेंगा खात होती. मूठभर माझ्या हातात दिल्या. मी एक शेंग फोडली आणि दाणे हातात घेऊन येळ्ळूरपर्यंत तसाच बसलो.

दुसऱ्या दिवशी सर्जननी तो कागद घेतला, पेनाची मागची बाजू एकेका शब्दावर ठेवत वाचला. हे गृहस्थ बेळगावचेच, मराठीत बोलणारे. त्यांनी जे सांगितलं ते मी तिथंच केस पेपरच्या पाठीमागं लिहून घेतलं.

अनरिमार्केबल म्हणजे शेरा मारण्यासारखं काही नाही. सगळं ठीक. शाळेत प्रगतिपुस्तकावर शेरा नसला की आई खूश व्हायची, तेच हे.

हायपोएकोइक म्हणजे जिथून आवाज कमी परत येतो. सोनोग्राफीत आत आवाज सोडतात, माणसाला ऐकू न येणारा, आणि परत येणाऱ्या आवाजावरून चित्र काढतात. आडात हाक मारली तर घुमून परत येते, गवताच्या गंजीकडं तोंड करून मारली तर येत नाही. कमी आवाज देणारा भाग पडद्यावर काळपट दिसतो. काळपट म्हणजे वाईट असा अर्थ नाही, पण बाकीच्या खुणांबरोबर तीही एक खूण धरतात.

टायरॅड्सचा आणि स्टेजचा काही संबंध नाही. स्टेज ही कॅन्सर आहे असं ठरल्यानंतर तो कुठवर गेलाय ह्याची मोजणी. टायरॅड्स ही त्याच्या पुष्कळ आधीची: गाठ दिसते कशी, ह्यावर दिलेले गुण. ही गुणांची पद्धत अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्ट मंडळींच्या संस्थेनं २०१७ साली बसवली. भरीव असली तर २, काळपट असली तर २. आईचे झाले ४, आणि ४ ते ६ गुण म्हणजे चौथा गट. ह्या गटातल्या शंभर गाठींपैकी पाच ते वीस कॅन्सरच्या निघतात. चौथ्या गटातली गाठ दीड सेंटिमीटर किंवा जास्त असली की सुईनं तपासायची, म्हणून पुढची तपासणी.

राहिला आर-ओ. “रूल आउट,” ते म्हणाले. “कॅन्सर आहे असं लिहिलेलं नाही. कॅन्सर नाही ना, तेवढं बघून घ्या, असं लिहिलंय.”

हे मी आईला सांगितलं तर ती म्हणाली, “म्हंजे दूध उतू गेलं न्हाई न्हवं, बघून ये, तसं.” अख्ख्या रिपोर्टचं इतकं नेमकं भाषांतर मला जमलं नसतं.

त्यांनी केस पेपरवर संभाव्य निदान लिहिलं, आणि त्याच्या आधी प्रश्नचिन्ह काढलं. आपण प्रश्नचिन्ह मागं घालतो, डॉक्टर पुढं घालतात. माझ्याकडं प्रूफात आलं असतं तर चूक म्हणून काढून टाकलं असतं. ते चिन्ह उडालं की ‘असेल का?’चं ‘आहे’ होतं.

सुईची तपासणी, म्हणजे एफएनएसी, पाच-दहा मिनिटांत झाली. रक्त काढायच्या सुईहून बारीक सुई, दोन-तीनदा टोचून आत आलेला थेंब काचेच्या पट्टीवर पसरला. टोचल्यानं गाठ पसरते असं गल्लीत सगळ्यांनी सांगून ठेवलेलं; थायरॉईडच्या सुईनं तसं सहसा होत नाही, असं डॉक्टरनी आईला आधीच सांगितलं. मीही तिला सांगितलं की ही शितावरून भाताची परीक्षा. ते तिला लगेच पटलं. भात करण्यात तिचा जन्म गेलाय, शिवारातही आणि चुलीवरही.

दसऱ्याच्या आधी रिपोर्ट आला: ‘बेथेस्डा ४, फॉलिक्युलर निओप्लाझम’. बेथेस्डा हे मला आजाराचंच नाव वाटलं. निघालं गावाचं! अमेरिकेत वॉशिंग्टनजवळ बेथेस्डा म्हणून गाव आहे, तिथं २००७ साली तज्ज्ञ मंडळी बसली आणि थायरॉईडच्या सुईचे रिपोर्ट सगळीकडं एकाच भाषेत लिहावेत म्हणून सहा गट ठरवले. पहिल्या गटाचा अर्थ ‘नमुना पुरेसा नाही, पुन्हा टोचा’ असा आहे, ‘काही सापडलं नाही’ असा नव्हे. तिथं पुष्कळ जण फसतात. दुसरा गट साधी गाठ, सहावा कॅन्सर. मधले तीन कमीजास्त शंकेचे. चौथ्यात शंभरातल्या तीसच्या आसपास गाठी कॅन्सरच्या निघतात.

मी विचारलं, सुई घातली, पेशी बघितल्या, मग अजून शंका कशाला? सर्जन म्हणाले, ह्या फॉलिक्युलर जातीच्या गाठीत साध्या गाठीच्या आणि कॅन्सरच्या पेशी दिसायला सारख्याच असतात. फरक पेशींत नसतो, गाठीभोवतीच्या पातळ कवचात असतो. पेशी ते कवच फोडून बाहेर पडल्या असतील किंवा रक्तवाहिनीत शिरल्या असतील तर कॅन्सर, आत गुमान बसल्या असतील तर साधी गाठ. सुई पेशी आणते, कवच आणत नाही.

हे आईला कसं सांगायचं त्यावर बसमध्ये डोकं चालवलं. शेवटी म्हणालो, आई, शितावरून भात शिजला का ते कळतं. पातेलं गळतंय का, ते शितावरून कळतं काय?

“न्हाई. पातेलं उतरवून बघावं लागतं.”

“तेच म्हणालेत.”

ती थोडा वेळ बाहेर बघत बसली. मग म्हणाली, “सुगी होऊ दे. आणि काकडा होऊ दे. त्याच्याबिगर मी टेबलावर झोपायची न्हाई.” कार्तिकात पहाटे देवळात काकडा असतो, आई त्यात पुढं बसून म्हणते. सर्जनना विचारायला मला लाज वाटत होती; ते म्हणाले, अशी गाठ असली तर दीड-दोन महिन्यांनी फरक पडत नाही, काढा सुगी.

त्या दोन महिन्यांत कागदं केली. योजनेचं थोडक्यात सांगतो. बीपीएल कार्ड असलेल्या घराला आयुष्मान भारत – आरोग्य कर्नाटक योजनेत वर्षाला ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात. एपीएल, म्हणजे दारिद्र्यरेषेच्या वरचं कार्ड असलं तर ठरलेल्या दराच्या ३० टक्के, वर्षाला दीड लाखापर्यंत. अट अशी की आधी सरकारी दवाखाना. तिथं होण्यासारखं असेल तर तिथंच, नसेल तर तिथून रेफरलचं पत्र घेऊन योजनेतल्या खाजगी हॉस्पिटलात. तातडीच्या दुखण्याला पत्र लागत नाही. आम्ही पत्राशिवाय थेट खाजगीकडं गेलो होतो, मग परत सिव्हिलला जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली. हॉस्पिटलात आरोग्यमित्र म्हणून माणूस बसतो, तो ‘प्री-ऑथ’ पाठवतो, म्हणजे ऑपरेशनच्या आधी सरकारकडून मंजुरी. ती येण्याआधी पैसे भरून मोकळं होऊ नये. महाराष्ट्र सरकारनं २०२३ मध्ये सीमाभागातल्या ८६५ गावांना महात्मा फुले जनआरोग्य योजना जाहीर केली, त्यावरून दोन्हीकडं राजकारण तापलं ते सगळ्यांनी वाचलंय. मी त्या वाटेला गेलो नाही; बेळगावात होत होतं, बेळगावात केलं.

ऑपरेशनच्या आधीच्या तपासण्यांत घोटाळा झाला. मी काउंटरला होतो आणि रक्त घेणाऱ्या पोरीनं आईला एकटीला गाठून सांगितलं, “नाळे खाली होट्टीले बर्री.” उद्या रिकाम्या पोटी या. कन्नडात खाली म्हणजे रिकामं. मराठीत खाली म्हणजे खाली. होट्टी म्हणजे पोट हे आईला माहीत होतं. बस, तिनं अर्थ लावला: उद्या खालच्या पोटाची तपासणी आहे. गळ्याच्या गाठीला खालचं पोट कशाला बघतात हा प्रश्न तिला पडला, पण दवाखान्यात काय काय बघतील ह्याचा तिनं आता नाद सोडला होता. दुसऱ्या दिवशी ती उप्पीट खाऊन, वर चहा पिऊन, आंघोळ करून, नवीन परकर नेसून आली. उपाशीपोटीची साखर बघायची होती. तो दिवस फुकट गेला.

त्या पोरीला बोल लावायला गेलो नाही. तिनं तिच्या भाषेत सरळच सांगितलं होतं. पण तेव्हापासून मी एक करतो: दवाखान्यात कुणी काही सांगितलं की आईला विचारतो, काय करायचं म्हणालेत ते मला सांग. ‘कळलं काय?’ असं विचारलं की माणूस ‘कळलं’च म्हणतो.

ऑपरेशनचं नाव हेमिथायरॉइडेक्टॉमी. हेमी म्हणजे अर्धं, आणि शेवटी ‘एक्टॉमी’ आलं की काहीतरी काढायचं. ‘स्कोपी’ आलं की आत डोकावायचं, ‘आयटिस’ आलं की सूज. एवढ्या तीन शेपट्या ओळखल्या तरी अर्धे कागद वाचता येतात. संमतीचा कागद, ओप्पिगे पत्र, कन्नडात होता आणि त्यात ‘अपाय’ हा शब्द चार ठिकाणी. मी आईला वाचून दाखवताना तो मराठी कानानं वाचला, म्हणजे इजा होणार, असा. तिचं तोंड उतरलं. मग लक्षात आलं, कन्नडात अपाय म्हणजे धोका, होईल किंवा होणारही नाही असा. परत पहिल्यापासून वाचलं.

तिनं कॅन्सरबद्दल एकदाही विचारलं नव्हतं. संमतीच्या कागदावरच्या एका ओळीवर मात्र अडली: आवाज बदलू शकतो. थायरॉईडच्या मागून सुतासारखी एक नस वर जाते, ती स्वरयंत्र हलवते. गाठ काढताना तिला धक्का लागला तर आवाज घोगरा होतो, बहुतेकांचा काही आठवड्यांत परत येतो, शंभरात एखाद-दोघांचा येत नाही. “मला पुढच्या काकड्याला म्हणायचं हाय,” तिनं सर्जनना सांगितलं. त्यांनी तिला काय म्हणता विचारलं. ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात आईनं त्यांना दोन कडवी म्हणून दाखवली. शेजारच्या खाटेवरची बैलहोंगलकडची बाई उठून बसली.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी झालं. दुपारी वॉर्डात आणल्यावर सर्जननी विचारलं, आजी, काय म्हणताय? आईनं डोळे न उघडता माझ्याकडं तोंड केलं. “भातावर ताडपत्री हाय न्हवं?” आवाज गंजलेल्या कडीसारखा. मी सर्जनकडं बघितलं. भूल देताना घशात नळी घालतात, त्याची ती घरघर, असं ते म्हणाले. आठवड्यानं ती निम्मी गेली, तीन आठवड्यांनी पूर्ण. ते तीन आठवडे मी तिचं प्रत्येक वाक्य कान लावून ऐकत होतो, आणि तिला वाटायचं मला बहिरेपण आलंय.

डिस्चार्ज कार्डावर गोळ्यांपुढं ओडी, बीडी, टीडीएस, एचएस. हे लॅटिनमधून आलेलं आहे: ओडी दिवसातून एकदा, बीडी दोनदा, टीडीएस तीनदा, एचएस झोपताना. “बीडी?” आई म्हणाली, “तुझ्या आज्जानं वडली तेवढी पुरे झाली की.” दुखण्याच्या गोळीपुढं एसओएस होतं, ते बघून बहीण घाबरली, बुडत्या जहाजावरून पाठवतात ते म्हणून. इथं त्याचा अर्थ गरज पडली तर. दुखलं तर घ्या, नाही तर पडू दे डब्यात.

काढलेल्या गाठीचा रिपोर्ट यायला दहा दिवस लागले. पाकीट ह्या खेपेलाही उघडंच होतं. मी ते न वाचता तसंच सर्जनपुढं ठेवलं. हे धाडस नव्हे, उलट आहे. फॉलिक्युलर ॲडिनोमा. कवच अखंड, रक्तवाहिन्यांत काही शिरलेलं नाही. साधी गाठ.

घरी आल्यावर आईनं विचारलं, “म्हंजे कॅन्सर नव्हताच?”

“नव्हता.”

“मग काढली कशाला?”

माझ्याकडं उत्तर होतं, तिनंच दिलेलं होतं, पातेल्याचं. पण ती चुलीपुढं बसून गळ्याला गुंडाळलेल्या टॉवेलवरून हात फिरवत होती, आणि मला ते सांगवेना. तीच थोड्या वेळानं म्हणाली, “उतरवल्याबिगर कसं कळणार म्हणा.” उरलेली अर्धी थायरॉईड पुरतेय. सहा आठवड्यांनी टीएसएच ३.१ आला, म्हणजे मालकांचा आवाज जरा चढलाय, पण गल्लीत जात नाही.

प्रेसमध्ये ही गोष्ट पसरली आणि बिलबुकं छापायला येणारे लोक खिशातून रिपोर्ट काढायला लागले. मी अक्षरांचा अर्थ सांगतो, आकड्यांचा सांगत नाही. ते माझं काम नव्हे. ‘निगेटिव्ह’ बघून रडवेल्या झालेल्या एका पोरीला सांगितलं की इथं निगेटिव्ह म्हणजे जे शोधत होते ते सापडलं नाही, बाई, पेढे वाट.

मग वडगावचे एक विणकर काका आले. त्यांना विचारूनच हे लिहितोय. दोन-तीन आठवडे खोकला, संध्याकाळी कणकण. छातीच्या एक्स-रेच्या चिठ्ठीवर दोनच अक्षरं वाचता येण्यासारखी: पुढं प्रश्नचिन्ह आणि मग ‘कॉक्स’. “हे काय वो? माझं आडनाव चुकवलं काय?”

मला तोवर हा शब्द माहीत झाला होता. रॉबर्ट कॉक ह्यांनी १८८२ साली क्षयाचा जंतू शोधला. पेशंटसमोर ‘टीबी’ म्हणायचं टाळून डॉक्टर लोक आपसात त्यांचं नाव घेतात. काकांच्या तोंडाकडं बघून मी कागदावरच्या पहिल्या खुणेवर बोट ठेवलं. म्हणालो, हे प्रश्नचिन्ह आहे. अजून ठरलेलं नाही. पुढचं डॉक्टरनाच विचारू, मी येतो बरोबर.

मालकांना तासाची सुट्टी मागितली आणि सरकारी दवाखान्यात गेलो. कफ तपासायला दिला, दुसऱ्या दिवशी निकाल. तिथले डॉक्टर कन्नड बोलणारे. मी दुभाषा म्हणून तोंड उघडणार, तेवढ्यात ते काकांकडं बघून म्हणाले, “क्षय.” भाषांतराला काही उरलंच नाही, शब्द दोन्हीकडं तोच. काकांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

डॉक्टरनी मग वेळ घेतला. औषध सहा महिने, फुकट, एक दिवसही चुकवायचं नाही. बरं वाटलं तरी थांबवायचं नाही. घरातल्या पोरांना तपासायला आणायचं. खाण्यासाठी निक्षय योजनेतून महिन्याला हजार रुपये खात्यावर येतील. आणि शेवटी, उठता उठता: गोळ्यांनी लघवी केशरी होईल, ते रक्त नव्हे, औषधाचा रंग आहे, भिऊ नका. हे मात्र मी नीट मराठीत सांगितलं आणि काकांकडून परत म्हणवून घेतलं.

तिसऱ्या दिवशी पहाटे साडेपाचला फोन वाजला. इतक्या पहाटे फोन म्हटल्यावर माझं काळीज लकाकलं.

“झाली वो,” काका म्हणाले.

“काय झाली?”

“केशरी.”